डाळिंबाच्या सालीने लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी मरतात, मग पेशंट बरा का होत नाही?

"फेकून देताय ती साल कॅन्सरवर रामबाण आहे", "डाळिंबाच्या सालीचं पाणी प्या, केमोची गरज पडणार नाही" असले मेसेज घरच्या ग्रुपवर सारखे फिरत असतात. अडचण अशी की त्यातल्या बऱ्याच मेसेजच्या मुळाशी खराखुरा रिसर्च पेपर असतो. कुठल्यातरी युनिव्हर्सिटीत कुणीतरी डाळिंबाच्या, संत्र्याच्या नाहीतर आंब्याच्या सालीचा अर्क काढला, तो कॅन्सरच्या पेशींवर टाकला, पेशी मेल्या, पेपर छापून आला, मग त्याची बातमी झाली, बातमीचं रील झालं आणि रीलचा फॉरवर्ड झाला. या प्रत्येक पायरीवर थोडं थोडं काहीतरी गळत गेलं, आणि शेवटी आपल्या हातात आलं ते "साल खा, कॅन्सर जाईल".

घरात कुणाला कॅन्सर झाला की माणूस काहीही करून बघायला तयार असतो. अशा माणसाला "अंधश्रद्धाळू" म्हणून झटकून टाकणं मला अजिबात पटत नाही, कारण त्याने वाचलेलं सगळंच खोटं नसतं. त्याला फक्त मधली गळलेली माहिती कुणी दिलेली नसते. ती इथे देतोय. उदाहरण मुख्यतः डाळिंबाचं घेतलंय, कारण एक तर त्याच्यावर माणसांवरचे प्रयोगसुद्धा झालेत, आणि दुसरं म्हणजे ते आपलं पीक आहे. सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचं अख्खं वर्ष बहार कसा धरला त्यावर ठरतं. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रसुद्धा सोलापूरलाच आहे.

सालीत असतं तरी काय

डाळिंबाच्या वजनातला साधारण ४० ते ५० टक्के भाग साल आणि आतले पांढरे पडदे यांचा असतो, म्हणजे किलोभर डाळिंब आणलं की जवळपास अर्धा किलो कचऱ्यात जातं. पण झाडाच्या दृष्टीने ही साल फार महत्त्वाची. किडे, बुरशी, ऊन सगळं आधी सालीवर येतं आणि झाडाला तर पळून जाता येत नाही, त्यामुळे ते रसायनं तयार करून स्वतःचं संरक्षण करतं आणि ती रसायनं सालीत ठासून भरतं. म्हणून बहुतेक फळांची साल गरापेक्षा कडू, तुरट, उग्र लागते.

डाळिंबाच्या सालीतली मुख्य रसायनं म्हणजे टॅनिन, तुरटपणा आणणारे पदार्थ. लोखंडी विळीवर डाळिंब कापून ती विळी तशीच न धुता ठेवली तर थोड्या वेळाने पात्यावर निळसर काळे डाग पडलेले दिसतात, बोटंही काळवंडतात आणि साबणाने लवकर जात नाहीत. टॅनिन लोखंडाला घट्ट धरतं त्याचे ते डाग. याच गुणामुळे ही साल पूर्वीपासून कातडी कमवायला आणि कापड रंगवायला वापरतात, आणि जुलाबावर, घसा धरला तर गुळण्यांना घरोघरी वापरली जायची. या टॅनिनपैकी सगळ्यात मोठा वाटा प्युनिकॅलॅजिन नावाच्या रसायनाचा, आणि ते फुटलं की त्यातून एलॅजिक ॲसिड निघतं. ही दोन नावं तेवढी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

"कॅन्सरच्या पेशी मेल्या" म्हणजे लॅबमध्ये नक्की काय झालं

हे जरा नीट बघू, कारण सगळा घोळ इथेच आहे.

लॅबमध्ये प्लास्टिकची एक चपटी प्लेट असते, तिला ९६ छोटे छोटे खड्डे असतात, प्रत्येक खड्ड्यात गुलाबी रंगाचं पोषक पाणी आणि त्याच्या तळाशी काही हजार पेशी. या पेशी आज कुठल्या पेशंटकडून आणलेल्या नसतात, त्या वर्षानुवर्षं लॅबमध्ये वाढवलेल्या असतात. स्तनाच्या कॅन्सरवर काम करणारे लोक एमसीएफ-७ नावाच्या पेशी सर्रास वापरतात, त्या १९७० मध्ये एका पेशंटकडून घेतलेल्या होत्या आणि आजही जगभर त्यांच्याच पुढच्या पिढ्या वापरात आहेत. तर या खड्ड्यांमध्ये सालीचा अर्क घालायचा, एकात कमी, दुसऱ्यात जास्त, काहींमध्ये अजिबात नाही, आणि प्लेट ३७ डिग्रीला एक-दोन-तीन दिवस ठेवून द्यायची. मग त्यात एक पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात, मेलेल्या करत नाहीत. मशीन रंग मोजतं, आणि जिथे जांभळा रंग निम्मा झाला तिथे निम्म्या पेशी मेल्या असं धरतात. सालीतली काही रसायनं स्वतःच त्या पिवळ्याचा जांभळा करू शकतात, त्यामुळे चांगले संशोधक या एका चाचणीवर थांबत नाहीत.

पेशी कशा मेल्या हेही बघतात. शरीरातल्या प्रत्येक पेशीत स्वतःला आवरतं घेऊन संपवण्याची एक सोय असते, तिला ॲपॉप्टोसिस म्हणतात. कॅन्सरच्या पेशीत ही सोय बिघडलेली असते, म्हणून ती मरायचं विसरते आणि वाढत सुटते. डाळिंबाच्या सालीचा अर्क टाकल्यावर ही सोय पुन्हा चालू झाल्याचं बऱ्याच प्रयोगांमध्ये दिसलंय. हे खरं काम आहे, त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही.

पण आता शेतकऱ्याच्या नजरेने बघा. कुंडीत काँग्रेस गवत लावलं आणि त्यावर तणनाशक ओतलं तर ते मरेल. मिठाचं पाणी ओतलं तरी मरेल, फिनेल ओतलं तरी मरेल. कुंडीतलं गवत मारण्यात काही अवघड नाहीच. अवघड आहे ते सोयाबीनच्या ओळींमध्ये उगवलेलं तण मारणं आणि तेही सोयाबीनचं पान न करपवता, शिवाय औषध तणापर्यंत पोचायला हवं, पुरेशा प्रमाणात पोचायला हवं, आणि मध्येच पाऊस येऊन वाहून जायला नको. लॅबमधली प्लेट ही कुंडी आहे आणि माणूस हे शेत आहे. पेपरमध्ये कुंडीचा निकाल असतो, फॉरवर्डमध्ये तो शेताचा म्हणून सांगितलेला असतो.

मग साल पोटात गेल्यावर काय होतं

लॅबमधल्या प्रयोगांमध्ये साधारण एक मिलिलिटर पाण्यात ५० ते १०० मायक्रोग्रॅम अर्क असं प्रमाण नेहमी दिसतं. आता माणसाच्या रक्तात किती पोचतं? तेही मोजलेलं आहे. अमेरिकेत २००४ आणि २००६ मध्ये लोकांना १८० मिली डाळिंबाचा रस पाजून त्यांचं रक्त तपासलं, तर एलॅजिक ॲसिड सुमारे तासाभरात वर गेलं ते मिलिलिटरला जेमतेम ३० नॅनोग्रॅमपर्यंत किंवा त्याहून कमी, आणि काही तासांत रक्तातून नाहीसंही झालं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे १००० नॅनोग्रॅम, तेव्हा हिशोब तुम्हीच करा, लॅबमधलं प्रमाण हजारपटीहूनही जास्त निघतं. अर्क म्हणजे मिश्रण असतं आणि एलॅजिक ॲसिड हे एकच रसायन, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही, पण दरी केवढी आहे ते कळतं. प्युनिकॅलॅजिनचा रेणू तर इतका मोठा असतो की तो आतड्यातून रक्तात जवळपास जातच नाही.

म्हणजे सगळं वाया जातं का, तर नाही, आणि मला या विषयातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. जे वर शोषलं जात नाही ते खाली मोठ्या आतड्यात जातं, तिथे आपल्या पोटातले जिवाणू एलॅजिक ॲसिड तोडून त्यातून युरोलिथिन नावाचे छोटे रेणू बनवतात आणि हे मात्र रक्तात सहज जातात. पण ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. स्पेनमधल्या मुर्सियाच्या संशोधकांनी दाखवलंय की लोक यात तीन गटांत पडतात, दोन गट वेगवेगळ्या प्रकारचे युरोलिथिन बनवतात आणि तिसरा गट बनवतच नाही. म्हणजे एकाच घरातल्या तिघांनी एकाच डाळिंबाची साल उकळून प्यायली तरी तिघांच्या शरीरात जाणारी रसायनं वेगळी असू शकतात, मग "एक चमचा सकाळी उपाशीपोटी" हा डोस कोणी आणि कशावरून ठरवला?

याच संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या काही पेशंटना ऑपरेशनच्या आधी काही दिवस डाळिंबाचा अर्क दिला, रोज ९०० मिलिग्रॅम, आणि ऑपरेशनमध्ये काढलेला आतड्याचा तुकडा तपासला. त्यात डाळिंबापासून बनलेली रसायनं सापडली. ती गाठ असलेल्या जागेपर्यंत खरंच पोचली होती, आणि हे मोठं पाऊल आहे. पण अर्काने गाठ लहान झाली असं काही या अभ्यासाने दाखवलं नाही, तो त्यासाठी केलेलाही नव्हता.

माणसांवर तपासलं का? हो, आणि तो निकाल फॉरवर्डमध्ये येत नाही

डाळिंबाच्या बाबतीत सगळ्यात गाजलेला प्रयोग प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचा आहे. यात वापरतात तो कारखान्यातला रस अख्खं फळ सालीसकट दाबून काढलेला असतो, आणि घरी दाणे सोलून काढलेल्या रसापेक्षा त्यात सालीतलं प्युनिकॅलॅजिन कितीतरी जास्त उतरतं. त्यामुळे ही रसाची गोष्ट सालीचीही आहे.

प्रोस्टेट ही पुरुषांमधली ग्रंथी पीएसए नावाचं एक प्रोटीन बनवते. ऑपरेशन किंवा रेडिएशन झाल्यावरही रक्तातलं पीएसए पुन्हा वाढायला लागलं तर कॅन्सर परत डोकं वर काढतोय अशी शंका येते, आणि ते दुप्पट व्हायला किती महिने लागतात यावरून तो किती वेगाने वाढतोय याचा अंदाज बांधतात. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएच्या डॉक्टरांनी अशा ४६ पुरुषांना रोज एक ग्लास डाळिंबाचा रस दिला. २००६ मध्ये निकाल आला, पीएसए दुप्पट व्हायला आधी सरासरी १५ महिने लागत होते, रस सुरू केल्यावर ५४ महिने. हा आकडा जगभर छापून आला, आणि यायलाच हवा होता. पण या प्रयोगात एक गोष्ट नव्हती, रस न घेणारा दुसरा गट नव्हता.

मग त्याच गटाने पुढचा, जास्त काटेकोर प्रयोग केला. १८३ पेशंट, तीन गट, काहींना डाळिंबाचा रस, काहींना डाळिंबाचा अर्क, काहींना तसंच दिसणारं पण डाळिंब नसलेलं म्हणजे प्लासिबो, आणि कोणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. २०१५ मध्ये निकाल आला. प्लासिबो घेणाऱ्या पुरुषांचाच दुप्पट होण्याचा काळ ११.१ महिन्यांवरून १५.६ महिन्यांवर गेला होता! काहीही औषध न घेता. डाळिंबाच्या गटांमध्येही वाढ झाली, पण तिन्ही गटांची तुलना केल्यावर "हा डाळिंबाचाच परिणाम" असं ठामपणे म्हणता येईल इतका फरक निघाला नाही.

असं कसं होतं? अशा प्रयोगात माणूस येतो तोच पीएसए भराभर वाढलेलं असताना, कारण तेव्हाच तो घाबरून डॉक्टरकडे जातो. हा वेग काही कायम तसाच राहत नाही, बऱ्याच जणांचा नंतर आपोआप थोडा मंदावतो. रस पीत असलात तर वाटतं रसाने झालं, गंडा बांधला असता तर गंड्याने झालं असं वाटलं असतं. दुसरा गट ठेवल्याशिवाय हे कळायला मार्गच नाही. ज्यांनी २००६ चा आशादायक निकाल दिला त्यांनीच पुढे जाऊन स्वतःच्याच निकालाची परीक्षा घेतली आणि जे आलं ते छापलं, याबद्दल मला त्या डॉक्टरांचं फार कौतुक वाटतं.

दरम्यान तिकडे अमेरिकेत डाळिंबाचा रस विकणाऱ्या पॉम वंडरफुल या मोठ्या कंपनीने जाहिरातींमधून प्रोस्टेट कॅन्सर, हृदयविकार वगैरेंवर फायद्याचे दावे केले होते. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१० मध्ये त्यावर कारवाई सुरू केली, २०१३ मध्ये दावे दिशाभूल करणारे ठरवले आणि २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय मुख्यतः कायम ठेवला. रोग बरा होतो किंवा टळतो असं म्हणायचं असेल तर माणसांवरची, तुलनेचा गट असलेली ट्रायल दाखवा, असा त्याचा सरळ अर्थ.

संत्र्याच्या सालीचं काय

नागपूर, वरूड, मोर्शीकडच्यांना हे जवळचं. संत्र्याची साल दुमडून दाबली की जो बारीक फवारा उडतो, डोळ्यात गेला तर झोंबतो, त्या तेलात बहुतांश लिमोनिन असतं. उंदरांमध्ये त्याने स्तनाच्या गाठी कमी होताना दिसल्या, म्हणून माणसांवरही तपासलं. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात खूप पुढच्या टप्प्यावरच्या ३२ पेशंटना ते दिलं, त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या एकीची गाठ लहान झाली आणि ११ महिने तशी राहिली, मग आशेने आणखी १० बायकांना दिलं तर त्यांच्यात कुणालाच तसा फायदा झाला नाही. पुढे २०१३ मध्ये ॲरिझोनात ४३ जणींना ऑपरेशनच्या आधी दोन ते सहा आठवडे रोज २ ग्रॅम लिमोनिन दिलं. ते स्तनाच्या ऊतीत चांगलं साठलं, पेशींच्या वाढीशी संबंधित एक प्रोटीन २२ टक्के कमी झालं, पण पेशी किती वेगाने वाढताहेत ते दाखवणाऱ्या नेहमीच्या खुणेत मात्र विशेष फरक पडला नाही. म्हणजे औषध शेतापर्यंत पोचलं, तण मात्र हिरवंच होतं. तुलनेचा गट इथेही नव्हता.

"पण केमोची औषधं झाडांपासूनच येतात ना?"

येतात, आणि हा मुद्दा अगदी बरोबर आहे. दारातली सदाफुली घ्या. कॅनडातले संशोधक १९५० च्या दशकात तिच्यात मधुमेहाचं औषध शोधत होते, त्यातून व्हिनब्लास्टिन सापडलं, मग व्हिन्क्रिस्टिन, आणि लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये देतात ते पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून आलं, आणि ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक आपले, नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले डॉ. मनसुख वाणी. त्यांनी आणि डॉ. मन्रो वॉल यांनी कॅम्प्टोथेसिनही शोधलं, ते चीनमधल्या एका झाडातून. तेच रसायन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही असतं, त्यासाठी नरक्याची चोरटी तोड होते.

पण या औषधांचा प्रवास बघा. यूच्या सालीचा नमुना गोळा केला १९६२ मध्ये, त्यातल्या रसायनाची रचना छापून आली १९७१ मध्ये, ते पेशीत नक्की काय करतं हे कळलं १९७९ मध्ये आणि अमेरिकेत वापरायला परवानगी मिळाली १९९२ मध्ये. तीस वर्षं. कॅम्प्टोथेसिन तर मूळ रूपात माणसांना दिलं तेव्हा इतकं विषारी निघालं की त्या ट्रायल थांबवाव्या लागल्या, रेणूत बदल करून बनवलेली औषधं अमेरिकेत १९९६ मध्ये बाजारात आली. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने १९६० ते १९८२ या काळात वनस्पतींचे सुमारे १,१४,००० अर्क तपासले, त्यातून पेशंटपर्यंत पोचलेली औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि आज कुणीही डॉक्टर "यूची साल उकळून प्या" किंवा "सदाफुलीची पानं चावा" असं सांगत नाही. व्हिन्क्रिस्टिन शिरेतून देतात, तेही एका वेळी एक-दोन मिलिग्रॅम, त्याहून जास्त झालं तर नसा कायमच्या दुखावू शकतात. झाडात औषध असणं आणि झाड हेच औषध असणं, यांच्यामध्ये ही तीस-तीस वर्षं आहेत.

"टाटानेच तर द्राक्षाच्या सालीतली गोळी काढली ना?"

२०२४ च्या फेब्रुवारीत ही बातमी सगळीकडे होती, १०० रुपयांत कॅन्सरवर गोळी. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांनी रेस्व्हेरट्रॉल आणि तांबं यांच्या मिश्रणावर बरीच वर्षं काम केलंय, आणि रेस्व्हेरट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं हेही खरं. पण त्यांची कल्पना अशी की कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांच्या जनुकांचे तुकडे रक्तात सुटतात आणि इतर पेशींना त्रास देतात, ते तुकडे निकामी करायचे. म्हणजे केमोचे दुष्परिणाम कमी व्हावेत आणि कॅन्सर परत येण्याची शक्यता घटावी यासाठी, उपचारांच्या जोडीला. केमोऐवजी घ्यायची गोळी असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आणखी एक गोष्ट बातम्यांत हरवली, हे मिश्रण अँटिऑक्सिडंट म्हणून, म्हणजे पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे तिखट कण शांत करणारा पदार्थ म्हणून काम करत नाही, तांब्याबरोबर ते उलट असे कण तयार करतं आणि त्यांच्या मदतीने ते तुकडे मोडतं. द्राक्षं सालीसकट खाऊन हे होत नाही.

"नैसर्गिक आहे, घेऊन बघायला काय हरकत?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर देताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण हरकत आहे.

एक तर अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं चांगलं, हा समज. गाजरात, पपईत असणारं बीटा कॅरोटिन फुप्फुसाचा कॅन्सर टाळेल अशी सगळ्यांची खात्री होती, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला. १९९४ मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. गाजर खाणं चांगलंच आहे, पण त्यातला एक पदार्थ वेगळा काढून मोठ्या डोसमध्ये देणं ही वेगळी गोष्ट झाली. आणि रेडिएशन आणि काही केमोची औषधं पेशी मारतात तीच मुळी ऑक्सिजनचे तिखट कण तयार करून, त्या वेळी आपण चमच्याने अँटिऑक्सिडंट खात असू तर आपण नक्की कुणाला वाचवतोय?

दुसरं, औषधांशी होणारी झटापट. ग्रेपफ्रूटमध्ये आणि त्याच्या कुळातल्या पपनसात अशी रसायनं असतात जी आतड्यातलं औषध तोडणारं एन्झाइम बंद पाडतात, आणि एका ग्लासाचा परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. मग गोळीतलं औषध नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रक्तात जातं. निलोटिनिब, इब्रुटिनिब या कॅन्सरच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात म्हणूनच ग्रेपफ्रूट टाळा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. डाळिंबाच्या रसानेही हेच एन्झाइम लॅबमध्ये बंद पडताना दिसलं होतं, पण २००७ मध्ये माणसांवर तपासलं तर तसा परिणाम दिसला नाही. कुंडीचा निकाल असा दोन्हीकडून फसवतो, फायद्याच्या बाजूने आणि भीतीच्याही.

तिसरं, विळीवरचे ते काळे डाग आठवा. टॅनिन पोटातही लोह तसंच धरून ठेवतं आणि जेवणातलं लोह कमी शोषलं जातं. केमो चालू असलेल्या पेशंटचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा आधीच खाली असतं, डॉक्टर लोहाची गोळी देतात आणि घरचे सकाळी उपाशीपोटी सालीचा काढा.

आणि चौथं, फवारणी. डाळिंबावर तेल्या रोग येतो, बुरशी येते, फुलकिडे, फळ पोखरणारी सुरसा अळी येते, बोर्डो मिश्रणापासून कीटकनाशकापर्यंत किती हात मारावे लागतात ते डाळिंबवाल्याला विचारा. ते सगळं आधी बसतं सालीवर. दाणे खाणाऱ्याला त्याचा फारसा त्रास नसतो, पण साल वाळवून, दळून खाणारा नेमका तोच भाग खातोय. बाजारातल्या पावडरीच्या पुडीवर ती साल कुठल्या बागेतली, शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी झाली, हे लिहिलेलं नसतं.

या सगळ्यापेक्षा मोठं नुकसान वेळेचं होतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कॅन्सरबद्दल बोलताना हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि पथ्याचा उल्लेख केला, आणि त्यांच्या पत्नीवर ऑपरेशन आणि केमो दोन्ही झालेलं असूनही व्हायरल झाला तो पथ्याचा भाग. तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी मिळून २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सह्या करून पत्रक काढलं की अशा गोष्टींसाठी उपचार लांबवू नका. इतक्या डॉक्टरांना एकत्र येऊन हे सांगावंसं वाटलं, कारण पहिल्या टप्प्यावर आलेला पेशंट बरा होण्याची शक्यता चांगली असते आणि तोच सहा महिने काढे घेऊन आला की चित्र पार बदललेलं असतं, हे त्यांना ओपीडीत दिसत असतं.

"मग हे संशोधन कशाला करायचं?"

करायलाच हवं. जे विरघळत नाही ते विरघळेल कसं, आतड्यात हवं तिथेच सुटेल अशी कॅप्सूल कशी करायची, कुणाच्या पोटात कोणते जिवाणू आहेत ते बघून कुणाला उपयोग होईल, या प्रश्नांवर खरं काम चालू आहे. ज्या सोलापूर-नाशिक पट्ट्यात रसाच्या आणि दाण्यांच्या कारखान्यांबाहेर सालींचे ढीग पडतात तिथल्या विद्यार्थ्यांनी यावर काम करावं असं मला मनापासून वाटतं. फक्त ९६ खड्ड्यांच्या प्लेटवरचा निकाल आला की लगेच पावडरीची पुडी निघू नये.

"म्हणजे पेशंटने डाळिंब खायचंच नाही का?"

खुशाल खावं, फळ म्हणून खावं. काढा, पावडर, कॅप्सूल असं काही आधीच चालू असेल तर मात्र पुढच्या केमोला जाताना पुडी पाकिटासकट पर्समध्ये टाका आणि डॉक्टरांसमोर ठेवा. "ओरडतील" म्हणून लपवू नका, त्यांना लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेले दिसले तर त्याचं कारण शोधताना ही पुडी माहीत असणं गरजेचं असतं. आणि केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली गेल्या की बरेच डॉक्टर जाड सालीची, सोलून खायची फळं खायला सांगतात, केळं, संत्रं, मोसंबी, डाळिंब. जंतू सालीच्या बाहेरच्या बाजूला असतात आणि सुरी फिरली की आत जातात, म्हणून फळ आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं, मग हात धुवायचे, मग सोलायचं आणि दाणे लगेच खायचे, सोलून ठेवायचे नाहीत.